विनीची धर्ममाता

पाचूबंदर, वसई
बुधवार, ६ जानेवारी १९५४

आज तीन राजांचा सण, म्हणजे नाताळ आता खरोखरच संपला. येशूबाळाच्या गोठ्याची मांडणी उतरवताना मातीच्या मेंढरांतलं एक मेंढरू मोडलं. दरवर्षी एक मोडतंच आणि दरवर्षी नाव माझंच येतं. आयने सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू ठेवलाय. माणसाला कुठेतरी उलट बोलता आलं पाहिजे, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी विनी. विनिफ्रेड, पण तसं फक्त फादर म्हणतात, तेही रागावले तर. मला चौदावं चालू आहे. घरात आम्ही दोघीच, आय आणि मी. आय बोंबील सुकवते आणि बाजारात विकते, मी शाळेत जाते आणि बोलणी खाते. माझी मोठी बहीण रोझलीन मुंबईला असते. तिला मी बाय म्हणते. बाकी सगळे तिला कुमुदप्रभा म्हणतात. होय, तीच, सिनेमातली.

बाय सतरा वर्षांची होती तेव्हा किल्ल्यात एका कंपनीचं शूटिंग आलं होतं. गर्दीत उभ्या करायला बायका हव्या होत्या. बाय मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बघायला गेली, आणि दिग्दर्शकाने बाकीच्यांना सोडून कॅमेरा तिच्याकडेच वळवला. पुढच्या वर्षी ती नायिका झाली. सुधीरचंद्रबरोबर तिची लागोपाठ तीन चित्रं आली. मग १९४० साली तिला टायफॉइड झाला, तोही असला की आठ महिने काम बंद. आय तिची सेवा करायला मुंबईला गेली आणि तिथेच मी झाले. आमचे बाबा त्याच वर्षी वारले. मी म्हणजे म्हातारपणाचं शेंडेफळ. एकाच खोलीत एक आजारी आणि एक बाळंतीण, आयने कसं निभावलं देव जाणे. विचारलं तर म्हणते, "जुनं उगाळू नको, भात उतू चाललाय."

बाय बरी होऊन कामावर गेली तोवर कंपनीने दुसरी मुलगी आणली होती. बायला कामं मिळत राहिली, पण पोस्टरवर नाव खाली खाली येत गेलं. मला तिच्या पहिल्या चित्रापासून आतापर्यंतच्या सगळ्या चित्रांची नावं पाठ आहेत.

रविवार, १७ जानेवारी

मोठी बातमी! दोन मे रोजी बिशप येणार आणि आमचं दृढीकरण होणार, म्हणजे लहानपणीचा बाप्तिस्मा पक्का करायचा संस्कार.

बिशप कपाळाला तेल लावतात आणि मग गालावर चापट मारतात, म्हणजे ख्रिस्तासाठी मार खायची तयारी आहे ना ते बघायला. त्या वेळी प्रत्येकीच्या मागे तिची धर्ममाता उभी राहते आणि आपला उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवते. सगळ्या गावासमोर. त्यानंतर ती जन्मभर तुमची होते.

धर्ममाता कोणाला होता येतं तेही फादरांनी सांगितलं. तिचं स्वतःचं दृढीकरण झालेलं हवं. बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता पुन्हा चालत नाही. उघड पापात राहणारी चालत नाही. आणि आपली स्वतःची आई चालत नाही, कारण ती आधीच आई आहे. माझ्या वर्गातल्या फ्लोराचं तोंड पडलं. तिला तिची आईच उभी करायची होती. मला काय, मला बहीण आहे.

शाळेत मुली मला विचारतात, तुझी बाय खरंच तुझी आहे का, की नुसता फोटो लावलाय भिंतीवर? ती येते तेव्हा अंधार पडता पडता येते आणि उजाडायच्या आत जाते, त्यामुळे कोणाला दिसतच नाही. आता दिसेल. तिने फक्त एकदा देवळात सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवावा, मग मला जन्मात दुसरं काही नको.

सोमवार, ८ फेब्रुवारी

बाय कालपासून आली आहे! या खेपेला तीन दिवस.

तिच्या केसांत पांढरी पावडर होती. मला वाटलं पीठ पडलंय. म्हणाली, नव्या चित्रात आईचं काम आहे. कोणाची आई? तर सुधीरचंद्रची! मी पोट धरून हसले. तो बायपेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे. चौदा वर्षांपूर्वी तिच्याबरोबर झाडाभोवती गाणी म्हणत होता, तो अजून नायकच आहे आणि ही त्याची आई. बाय म्हणाली, "पुरुषाचं वय कॅमेऱ्याला दिसत नाही." आयने सुधीरचंद्रचं नाव ऐकलं आणि उठून अंगणात जाऊन थुंकली. त्या माणसावर तिचा काय राग आहे कोण जाणे. मागे माझ्या पेटीतला त्याचा फोटोही तिने चुलीत घातला. मला तर तो फार आवडतो. फ्लोरा म्हणते, त्याच्या हनुवटीवर माझ्यासारखीच खळी आहे. असू दे, माझी जास्त छान आहे.

दुपारी बायने तिच्या संवादांची तालीम केली. मी मुलाचं वाचायचं आणि तिने आईचं. माझं वाक्य सोपं होतं. "आई, मी परत आलो." त्यावर तिने मला जवळ घेऊन चार वाक्यं म्हणायची. मी म्हटलं, पण चुकून "परत आले" म्हटलं. बाय माझ्याकडे बघत राहिली. वाक्यच आठवेना. म्हणाली, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. "अजून एकदा." शेवटी मी कंटाळले. इतकी वर्षं पडद्यावर काढली आणि चार वाक्यं पाठ होत नाहीत! पोस्टरवर नाव खाली का जातं ते आता कळलं. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती हसली, पण डोळे पुसले. नट्यांचं असंच असतं, डोळ्यांत पाणी कायम तयार.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

विचारलं!

बाय माझी वेणी घालत होती. मी म्हटलं, "बाय, माझ्या दृढीकरणाला तू माझी धर्ममाता हो." फणी मध्येच थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं गुंता लागला. मग तिने विचारलं, "क्लेमेंटीन मावशी नाही चालणार?" मी म्हटलं, "मावशी रोजच माझी आहे. तू कधी होणार?"

तेव्हा ती म्हणाली, "बरं. होईन. व्हायचं ते होवो."

आतून आयच्या हातातलं भांडं पडलं. भात सगळा जमिनीवर. रागावली मात्र नाही, नुसती दारात येऊन बायकडे बघत उभी राहिली. मी आनंदाने तीन घरं पलीकडे मावशीकडे धावत गेले. मावशी म्हणजे आयची धाकटी बहीण. तिला सांगितलं तर म्हणाली, "रोझलीन हो म्हनाली? काय सांगतेस!" आणि जाळं शिवता शिवता सुई बोटात घुसवून घेतली. आज सगळ्यांच्या हातांना काय झालंय?

रविवार, १४ फेब्रुवारी

सगळ्या शाळेला सांगून झालं. बंदरावरही सांगितलं. बर्फवाल्यालाही सांगितलं, तो मुसलमान आहे, त्याला दृढीकरण म्हणजे काय हे आधी समजावावं लागलं.

फ्लोराची आजी म्हणाली, "सिनेमावाली देवळात उभी राहिली तर छप्पर पडेल." मी म्हटलं, "आजी, तुम्ही इतकी वर्षं उभ्या राहताय, पडलं का?" आयच्या कानावर गेलं आणि मला मार बसला. पण मावशी तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी पाहिलं.

दृढीकरणाला आपण एक नवं नाव घ्यायचं असतं, एखाद्या संताचं. मी "रोझ" घेणार. बायवरून. तिला आधी सांगणार नाही, देवळातच ऐकू दे.

रविवार, २१ मार्च

उपासकाळ चालू आहे, घरात मासळीचा वास आणि ताटात वालाची आमटी. बाय आज देवळात सकाळच्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला आली. माझ्या आठवणीत पहिल्यांदा! सगळ्या माना वळल्या. मी मान ताठ ठेवून बसले होते.

मिस्सा झाल्यावर ती म्हणाली, तू घरी जा, मला फादरांशी बोलायचं आहे. मी कसली जाते! बाहेर चाफ्याखाली बसून राहिले. तिने पापांगीकार केला, म्हणजे फादरांच्या कानात आपली पापं सांगितली, मग फादर आणि ती दोघं आवारात कितीतरी वेळ बोलत होती. फादर हळूहळू काहीतरी सांगत होते आणि मान हलवत होते. बाय मग एकटी आत गेली आणि मारियेच्या वेदीपुढे गुडघे टेकून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते.

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदाचं धुऊन निघालं. आता माझ्यासाठी ती अगदी कोरीकरकरीत होऊन उभी राहील.

सोमवार, २२ मार्च

आज सगळं संपलं.

दुपारी शाळेतून आले तेव्हा घरात दोघींचं भांडण चाललं होतं. मी बोंबील वाळत टांगायच्या बांबूंच्या वलांडीपाशी थांबले.

आय म्हणत होती, "चौदा वरसं मी तोंड शिवून घेतलं. गाव काय काय बोललं, मी ऐकलं. पोरीच्या अंगाला कोनाचं बोट लागू दिलं नाय. आनि तू आता सगळं उघडं पाडतेस?"

बाय म्हणाली, "मी काही उघडं पाडत नाही, आय. मी फक्त उभी राहत नाही."

"मंग उभी राय ना! कोन इचारनार हाय तुला? फादर काय कोनाला सांगायला जानार हाय?"

"फादर नाही सांगणार. पण आय, स्टुडिओत मला म्हणतील तेवढं खोटं मी करते. रडते, मरते, सुधीरचंद्रची आईसुद्धा होते. देवळात तिच्या खांद्यावर हात ठेवून नाही करणार."

मग आय रडायला लागली. आय रडते हेच मला ठाऊक नव्हतं.

मला वाटतं, बाय मुंबईत गेल्यापासून मिस्सेला जायची बंद झाली असणार आणि आयने ते फादरांपासून चौदा वर्षं लपवून ठेवलं असणार. एवढंच! त्यासाठी कोणी रडतं?

संध्याकाळी बाय मला समुद्रावर घेऊन गेली. होड्या ओढून ठेवल्या होत्या, त्यांच्या आडोशाला बसलो. म्हणाली, "विनी, मला तुझी धर्ममाता होता येणार नाही. मी हो म्हणायलाच नको होतं. मोह झाला."

"का होता येणार नाही?"

"नियमात बसत नाही."

"पापामुळे?"

"पापाची क्षमा मिळाली."

"मग?"

"क्षमा मिळाल्याने हे बदलत नाही गं."

"म्हणजे काय ते सांग ना!"

तिने माझा हात हातात घेतला, तो मी काढून घेतला.

घरी येऊन मी एकेक नियम तपासला. तिचं दृढीकरण झालंय, मावशी त्या वेळी शेजारीच उभी होती. बाप्तिस्म्याच्या वेळी माझी धर्ममाता मुंबईच्या इस्पितळातली कोणी नर्स होती, बाय नव्हती. पापाची क्षमा झाली, हे ती स्वतःच म्हणाली. आईचा नियम आयसाठी, त्याच्याशी बायचा काही संबंध नाही. म्हणजे ती सगळ्या नियमांत बसते. म्हणजे नियमाचं नुसतं निमित्त आहे. तिला माझ्यामागे उभं राहायचंच नाही. पाचूबंदरच्या मासळीवालीची पोरगी आपली बहीण आहे, हे कुमुदप्रभाला लोकांना दाखवायचं नाही.

इतकं रडले की उशी वळचणीला वाळत टाकावी लागली.

रविवार, ४ एप्रिल

आज फादरांना गाठलं. म्हटलं, "फादर, सिनेमात काम करणं पाप आहे का?"

म्हणाले, "कोणी सांगितलं? काम आहे ते."

"मग तुम्ही बायला का नको म्हणालात?"

फादर मग म्हणाले, "विनिफ्रेड, सिनेमाचा यात काहीच संबंध नाही. रोझलीनने जे ठरवलं त्याला फार मोठं मन लागतं. तू तिच्यासाठी प्रार्थना कर."

रागावले नव्हते तरी विनिफ्रेड म्हणाले. मी प्रार्थना केली नाही. मोठं मन असतं तर तिथे मला जागा झाली असती.

शाळेत आता सगळ्या विचारतात. मी सांगते, शूटिंग आहे, तारखा जुळत नाहीत. फ्लोरा खांद्याला खांदा लावून चालते आणि काही विचारत नाही. तेच जास्त टोचतं.

रविवार, १८ एप्रिल (पुनरुत्थानाचा सण)

बाय आली नाही, पार्सल आलं. दृढीकरणासाठी पांढरा झगा. गळ्याला बारीक लेस, कमरेला पट्टा. माप न देता अंगाला अगदी बरोबर बसला, खांद्यात, दंडात, सगळीकडे. मी म्हटलं, मुंबईच्या शिंप्याची नजर चांगली आहे. मावशीने शिवण उलटून बघितली आणि म्हणाली, "शिंपी नाय गो. ही रोझलीनच्या हातची टीप. आमीच शिकवली तिला." मग आयकडे बघून म्हणाली, "मार्था, हिच्या दंडाचं मापसुदीक ठाव हाय तिला."

आय म्हणाली, "ठेव तो झगा. मळंल."

मला घालायचा नव्हता. पण दुसरा पांढरा झगा नाही.

रविवार, २५ एप्रिल

फादरांनी नावं लिहून घेतली. मी रोझ रद्द केलं. अ‍ॅग्नेस सांगितलं. फादरांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. धर्ममाता म्हणून क्लेमेंटीन मावशी.



रविवार, २ मे

दृढीकरण झालं. आजच सगळं लिहिणार आहे.

देऊळ गच्च भरलं होतं. रांगेत माझ्यापुढे फ्लोरा, मागे नायगावच्या मिठागरावरची एक मुलगी. ढोल-ताशाने बिशपांना आत आणलं. मावशीने नवं लुगडं नेसून हात धुतले होते, तरी तिचा हात खांद्यावर आला तेव्हा सुक्या जवळ्याचा वास आला. बिचारी मावशी. ती एवढी जपून हात ठेवत होती, जसं काही माझं काही मोडेल. आणि मी मनात म्हणत होते, हा नको, हा नको.

बिशपांनी नाव उच्चारलं, अ‍ॅग्नेस. तेल लावलं, गालावर चापट मारली. अगदी हलकीच. तरी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वळताना मागे पाहिलं तर शेवटच्या खांबाशी बाय उभी होती! डोक्यावरून पांढरा पदर, चेहऱ्याला रंग नाही, पावडर नाही. कोणी ओळखलंही नसेल. तिचा उजवा हात पुढच्या बाकाच्या पाठीवर होता, बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरलेला. म्हणजे हात बाकावर ठेवायला आहे, माझ्या खांद्यावर ठेवायला नाही.

माझ्या अंगाची आग आग झाली. आलीसच, तर चार पावलं पुढे यायला काय झालं होतं?

घरी आल्यावर मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "रागवू नको गो तिच्यावर. नुसतं उभंच राहायचं व्हतं. राहिली असती तरी कोनी काय बोललं नसतं. पन तिनं देवाम्होरं खोटं नाय केलं." मी म्हटलं, "म्हणजे तिचा देवावर विश्वास नाही?" मावशीने कपाळावर हात मारला आणि वडे तळायला निघून गेली.

जेवणं झाली, पाहुणे गेले. ऊन कलल्यावर बायने मला ओट्यावर बोलावलं. आय उंबऱ्यात बसली होती. बाय म्हणाली, "विनी, मी दादरची खोली सोडून जरा मोठी घेतेय. तिथे जवळ चांगली शाळा आहे. तू माझ्याबरोबर येशील? राहायला. कायमची."

दोन महिन्यांपूर्वी हे विचारलं असतं तर मी अनवाणी धावत गेले असते. आज मी विचारलं, "मी कोण म्हणून यायचं? तुझी मोलकरीण म्हणून?"

बायने आयकडे पाहिलं. आयने मान खाली घातली. समोरच्या घरातल्या बायका भांडी घासत होत्या, त्यांचं बोलणंही थांबलं होतं. बाय म्हणाली, "माझी बहीण म्हणून."

मग मी जे बोलले ते ठरवून बोलले नव्हते, पण बोलले याचा मला आनंदच आहे. मी म्हटलं, "बहीण असतीस तर आज माझ्यामागे उभी राहिली असतीस."

 मला वाटलं, आता ती कारणं सांगेल, शूटिंग, नियम, फादर. पण ती अगदी हळू म्हणाली, "हो. बहीण असते तर उभी राहिले असते."

उंबऱ्यातून आय ओरडली, "रोझलीन!"

तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! की ती मला बहीण मानत नाही. मी तिथून उठले. मागून कोणी हाक मारली नाही. मागच्या दारी वलांडीखाली जाऊन बसले आणि झग्याला बोंबलाचं पाणी लागलं तरी उठले नाही.

सोमवार, ३ मे

बाय पहाटे गेली.

मी जागी होते, पण डोळे मिटून पडले होते. ती माझ्यापाशी आली. वाकली असावी, कारण तिचा श्वास माझ्या केसांना लागला. मला वाटलं आता उठवेल, काहीतरी बोलेल. उठवलं असतं तर मी कदाचित बोललेही असते. पण तिने पायाकडची गोधडी वर ओढली आणि गेली. टांग्याचा आवाज देवळाच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

आय तेव्हापासून चुलीपुढे बसून आहे. चूल पेटवलेली नाही. पाट्या तशाच, बाजारही चुकवला. मी चहा करून दिला, तो तसाच निवला. म्हणाली, "निरोप का नाय दिलास तिला?"

मी म्हटलं, "तिने मला हाक कुठे मारली?"

आय म्हणाली, "काय म्हनून मारील ती हाक?" आणि मला छातीशी धरून असं रडायला लागली, जसं घरातलं कोणी गेलं आहे. मला काही समजेना. भांडण माझं आणि बायचं, त्यात आयने एवढं लावून घेण्यासारखं काय आहे? मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले. म्हटलं, "आय, नको रडू. मी कुठेही जाणार नाही. मला तूच आई बस झालीस." त्यावर तर ती जास्तच रडली.

भिंतीवरचे बायचे फोटो मी उतरवून ठेवले आहेत. फ्लोरा सांगत आली होती की पावसाळ्यानंतर ते नवं चित्र लागणार, तिचे बाबा आम्हा दोघींना बघायला नेतील. मी सांगितलं, मी येणार नाही. बाय त्यात आई झाली आहे. सगळ्या बायका म्हणे पदर ओले करतील, इतकं तिने ते काम खरं केलंय. करू दे. तिथे ती कोणालाही "बाळा" म्हणून जवळ घेईल, मला काय त्याचं.